हाताचे वळण आणि आज्ञेची ओळ

संगणकावर एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्रे नसतात, बटणे नसतात, उघडमीट होणाऱ्या याद्या नसतात. डाव्या बाजूला एक खूण आणि तिच्यापुढे लुकलुकणारा कर्सर, एवढाच तिचा संसार. तिला टर्मिनल म्हणतात. आपण एक ओळ टंकावयाची, एंटर दाबावयाचे आणि यंत्राने ती आज्ञा मानून काम करावयाचे, असा तेथला शिरस्ता आहे. वाचकहो, या खिडकीत लिहिताना हात कसा चालवावा, एवढ्याचविषयी मला आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

तुम्ही म्हणाल, मराठीच्या अध्यापकाला या खिडकीशी काय कर्तव्य? तर सांगतो. जुन्या गद्याचा मजकूर हल्ली फायलींत साठवलेला मिळतो. त्यातला एखादा शब्द किती ठिकाणी आला, कोणत्या प्रत्ययासह आला, कोणत्या लेखकाने तो टाळला, हे पाहावयाचे असेल तर शंभर फायली एकेक करून उघडत बसण्यात हशील नाही. काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली की ते काम काही क्षणांत होते. हे मी आमच्या कला शाखेच्या मुलांना दाखवतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. पण पुढच्या आठवड्यात पाहावे तर त्यांतली निम्मी मुले पुन्हा कागदावर रेघा मारून शब्द मोजत बसलेली असतात. कारण विचारले की उत्तर ठरलेले: "सर, तिथे एक अक्षर चुकलं की सगळी ओळ परत लिहावी लागते."

ही समजूत साफ चुकीची आहे. पण तिच्यापायी किती मुलांनी ही खिडकी कायमची मिटली असेल! आज्ञा पाठ होतात. त्या मोजक्याच असतात. मुले कंटाळतात ती लांबलचक ओळ दुरुस्त करण्याला. आणि एकदा "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे" असे मनाने घेतले, की पुढे कितीही समजवा, उपयोग होत नाही. म्हणून मी आता आज्ञा नंतर शिकवतो. ओळ खोडावी कशी, जोडावी कशी, हे आधी शिकवतो.

आकाशवाणीवर बोलताना एक अडचण असते, ती म्हणजे बोट दाखवता येत नाही. छापील पानाला ती अडचण नाही. जमल्यास ही पुस्तिका कळफलकाशेजारी उघडी ठेवावी आणि वाचता वाचता करून पाहावे. मी जे सांगतो आहे ते बॅश नावाच्या शेलला धरून. शेल म्हणजे आपली ओळ वाचून ती यंत्राकडे पोचवणारा मध्यस्थ. लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर बॅशच असतो. मॅकवर २०१९ पासून झेड-शेल असतो, पण त्याच्या कळा पुष्कळशा याच आहेत. विंडोजवाल्यांनाही २०१६ पासून आतल्या आत लिनक्स बसवून घेण्याची सोय झाली आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगितला पाहिजे. तो कळला की कळा पाठ कराव्या लागत नाहीत.

पडदा येण्यापूर्वी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप. हे एक दणकट टंकलेखन यंत्र. आपण टंकलेले तारेतून संगणकाकडे जाई आणि त्याचे उत्तर कागदाच्या गुंडाळीवर खडखड उमटे. १९६३ मध्ये आलेले टेलिटाइपचे मॉडेल ३३ एका सेकंदाला फक्त दहा अक्षरे छापी. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सचा आरंभ केला तो अशाच यंत्रांवर. त्या प्रणालीतल्या आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या का, याचे उत्तर येथे सापडते. यादीसाठी एल-एस, प्रत काढण्यासाठी सी-पी, हलवण्यासाठी एम-व्ही. ज्याला एकेक अक्षर जोर लावून दाबावे लागते आणि छापून येण्याची वाट पाहावी लागते, तो काटकसरीने लिहिणारच. आणि कागदावर एकदा उमटलेले अक्षर खोडावयाचे तरी कसे? तेव्हा त्या काळी आधीचे अक्षर रद्द समजावे यासाठी पुढे चौकटीसारखी एक खूण टंकीत, आणि सबंध ओळ रद्द करावयाची तर व्यापारी पत्रातले "दराने" हे चिन्ह. हिशेबनिसाने चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहावा, तसाच हा प्रकार.

या यंत्राने आपल्याला दिलेली दुसरी देणगी म्हणजे कंट्रोल ही कळ. हिचे रहस्य गमतीचे आहे. संगणकाच्या जुन्या अक्षरगणतीत इंग्रजी ए या मोठ्या अक्षराचा क्रमांक ६५, बी चा ६६, याप्रमाणे पुढे. कंट्रोल दाबून अक्षर दाबले की त्या क्रमांकातून ६४ वजा होतात. म्हणजे कंट्रोल-ए झाला १, कंट्रोल-सी झाला ३, कंट्रोल-डी झाला ४. एकपासून एकतीसपर्यंतच्या या क्रमांकांना अक्षरे नव्हती. तेथे यंत्राला द्यावयाच्या सूचना होत्या. ३ म्हणजे मजकूर संपला. ४ म्हणजे प्रेषण संपले. ७ म्हणजे घंटा वाजव. १२ म्हणजे नवे पान घे. आता हिशेब करून पाहा: बारावे अक्षर एल. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एल दाबा, पडदा स्वच्छ होऊन ओळ वर जाते. नवे पान! आठवे अक्षर एच, म्हणून कंट्रोल-एच मागचे अक्षर खोडतो. नववे आय, म्हणून कंट्रोल-आय आणि टॅबची कळ एकच. तेरावे एम, आणि कंट्रोल-एम म्हणजे एंटरच. बहुतेक टर्मिनलांत हे आजही जसेच्या तसे चालते. साठ वर्षांपूर्वीचे लोखंडी यंत्र मोडीत निघाले, पण त्याच्या सवयी आपल्या बोटांखाली राहिल्या.

आता मूळ विषयाकडे वळू. समजा, ८० अक्षरांची एक ओळ तुम्ही लिहिली. शोधण्याची आज्ञा आहे ग्रेप. तिची इंग्रजी अक्षरे जी-आर-ई-पी. घाईत तुमच्याकडून जी-ई-आर-पी असे पडले, आणि लक्षात आले ते ओळीच्या शेवटी पोचल्यावर. माझे विद्यार्थी अशा वेळी डावा बाण दाबत सुटतात. तो ७८ वेळा दाबावा लागतो. दाबून धरला तर कर्सर धावतो खरा, पण नेमका हवा तेथे थांबत नाही; मग पुन्हा उजवा बाण. त्याऐवजी कंट्रोल-ए दाबा. कर्सर एकदम ओळीच्या आरंभी. कंट्रोल-एफ दोनदा, म्हणजे दोन अक्षरे पुढे. मग कंट्रोल-टी. कर्सरखालचे अक्षर आणि त्याच्या आधीचे अक्षर यांची अदलाबदल होते आणि ग्रेप सरळ होते. चार दाब झाले. आता एंटर तेथूनच दाबावे. कर्सर ओळीच्या शेवटी न्यावाच लागतो अशी पुष्कळांची समजूत असते, ती निराधार आहे. कर्सर कोठेही असो, ओळ सबंधच पाठवली जाते.

या अक्षरांमागे इंग्रजी शब्द आहेत. ए हे पहिले अक्षर म्हणून आरंभ. ई म्हणजे एंड, शेवट. एफ फॉरवर्ड, बी बॅकवर्ड. कंट्रोलऐवजी आल्ट दाबून एफ किंवा बी दाबले तर कर्सर एकेक अक्षर न जाता एकेक शब्द जातो. ही योजना मूळची ईमॅक्स या संपादकाची. ते १९७० च्या दशकाच्या मध्यास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रायन फॉक्स यांनी बॅश लिहिला. त्यासाठी ओळ संपादण्याचा जो रीडलाइन नावाचा भाग तयार झाला त्यात याच कळा घेतल्या. हा भाग इतर पुष्कळ कार्यक्रमांनी उचलला असल्यामुळे एकदा शिकलेले डेटाबेसच्या खिडकीतही चालते आणि पायथनच्या खिडकीतही चालते. मॅकवर तर साध्या पत्राच्या चौकटीतसुद्धा कंट्रोल-ए आणि कंट्रोल-ई चालतात, हे मॅक वापरणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते.

खोडण्याच्या कळा याहून कामाच्या. कंट्रोल-डब्ल्यू मागचा एक शब्द काढतो. कंट्रोल-यू कर्सरपासून मागे आरंभापर्यंतचे सगळे काढतो. कंट्रोल-के कर्सरपासून पुढे शेवटपर्यंतचे. पण काढलेले कोठे जाते? ते फेकले जात नाही, बाजूला ठेवले जाते. कंट्रोल-वाय दाबले की परत येते. याचा उपयोग असा. लांब आज्ञा अर्धी लिहून झाली आणि आठवले की आपण भलत्याच फोल्डरमध्ये आहोत. लिहिलेले पुसून टाकू नका. कंट्रोल-यू दाबा, ओळ रिकामी होईल. फोल्डर बदला. मग कंट्रोल-वाय. अर्धी ओळ होती तशी पुढे उभी! आमच्या वर्गात या एका युक्तीला टाळी पडते. खोडताना चूक झाली तर कंट्रोल धरून अधोरेषेची कळ दाबावी. एकेक पाऊल मागे जाता येते.

येथे एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ विद्यार्थी हल्ली टर्मिनल ब्राउझरमध्ये उघडतात. तेथे कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे पान बंद! शब्द खोडावयाला जावे आणि सगळी खिडकीच मिटावी, असा प्रकार होतो. ब्राउझरमध्ये काम असेल तर शब्द खोडण्यासाठी एस्केप दाबून सोडावे आणि मग मागे खोडण्याची कळ दाबावी. आल्टची कळ जेथे चालत नाही तेथे एस्केप दाबून सोडले व पुढचे अक्षर दाबले तरी तेच काम होते, हेही यानिमित्ताने ध्यानात ठेवावे.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. शोधावयाचा शब्द देवनागरीत असला की पुष्कळ टर्मिनलांत काना-मात्रा आणि जोडाक्षरे नीट बसत नाहीत. कर्सर दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. अशा ओळीत बाणाने चाचपडत जाणे म्हणजे अंधारात पायऱ्या उतरण्यासारखे आहे. तेथे कंट्रोल-ए आणि कंट्रोल-ई यांच्याइतके खात्रीचे काही नाही, कारण ओळीचा आरंभ आणि शेवट कोठे आहे हे यंत्राला पक्के ठाऊक असते. दुसरे असे की, कळफलक मराठीवर असताना यांतल्या काही कळा काही ठिकाणी दाद देत नाहीत; आधी रोमनवर परतावे. फारच गुंतागुंतीची ओळ असेल तर कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-ई दाबावे. ती ओळ तुमच्या संपादकात उघडते. तेथे निवांत नीट करावी, साठवून बाहेर पडावे. बाहेर पडताच ती आज्ञा चालते, एवढे मात्र विसरू नये.

आता टॅब. माझ्या मते सर्व कळांत ही पहिली शिकावी. फाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाबला की उरलेले नाव यंत्र पुरे करते. तशी दोन-चार नावे असतील तर टॅब दोनदा दाबावा, ती सर्व खाली मांडली जातात. ही कल्पना १९७० च्या दशकातल्या टेनेक्स नावाच्या प्रणालीतून आली. तेथे हे काम एस्केपची कळ करी, आणि टीसी-शेल या नावातला टी तिचीच आठवण आहे. लोक टॅबकडे श्रम वाचवण्याचे साधन म्हणून पाहतात. मला तिचा दुसरा गुण मोठा वाटतो. टॅब दाबूनही नाव पुरे झाले नाही, तर याचा अर्थ त्या नावाची फाइल तेथे नाही, किंवा तुम्ही तेथे नाही. आज्ञा पाठवण्याआधीच चूक कळली! नाव हाताने पूर्ण टंकणाऱ्याला ही सूचना मिळतच नाही. नावात मोकळी जागा असेल तर तिच्यापुढे जी तिरकी रेघ द्यावी लागते तीही टॅब आपण होऊन घालतो.

ओळी जशा लिहाव्या लागतात तशा त्या पुन्हा पुन्हाही लागतात. डॉसच्या काळातील वाचकांना एफ-३ आठवत असेल. ते दाबले की मागची आज्ञा परत येई. बॅशमध्ये वरचा बाण किंवा कंट्रोल-पी हे काम करतो. पण सकाळी लिहिलेली ओळ दुपारी हवी असेल तर वरचा बाण किती वेळा दाबणार? येथे कंट्रोल-आर. तो दाबावा आणि जुन्या ओळीतले आठवेल ते तीन-चार अक्षरांचे तुकडे टंकावे. ते अक्षर ज्या ओळीत आहे अशी सर्वांत अलीकडची ओळ पुढे येते. ती नको असेल तर पुन्हा कंट्रोल-आर; त्याहून जुनी येते. एखादा जुना कारकून दप्तर उलटे चाळीत जातो, तसे. मन बदलले तर कंट्रोल-जी, म्हणजे तुम्ही जेथे होता तेथे परत.

आता जे सांगतो ते कृपा करून लक्षपूर्वक वाचा. कंट्रोल-आर ने ओळ सापडताच एंटर दाबण्याची सवय अनेकांना लागते. ही सवय घातक आहे. तुम्ही शोधीत होता एक, सापडलेली असते दुसरी, तिच्यात तुमचे तुकडा-अक्षर योगायोगाने आलेले असते. आणि ती दुसरी ओळ आर-एम ची असली तर? आर-एम म्हणजे नष्ट करा. या खिडकीत कचऱ्याची टोपली नसते; गेलेली फाइल गेली. एका विद्यार्थिनीची महिनाभर शुद्ध केलेली शब्दसूची अशीच गेली. हात चपळ होता, डोळा मागे राहिला. तिच्याजवळ आठवड्यापूर्वीची एक प्रत होती म्हणून निभावले. तेव्हापासून मी वर्गात एक नियम घालून दिला आहे. कंट्रोल-आर ने ओळ सापडली की आधी कंट्रोल-ई दाबावयाचे. त्याने शोध संपतो व ओळ नुसती समोर येऊन थांबते. ती डावीकडून उजवीकडे वाचावयाची, आणि मगच एंटर. एक दाब जास्त पडतो. पडू द्या.

याच कारणासाठी उद्गारचिन्हांचा जो प्रसिद्ध प्रकार आहे, तो मी नवख्यांना शिकवीत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीच्या बिल जॉय यांनी सी-शेलमध्ये तो आणला. दोन उद्गारचिन्हे म्हणजे मागची सबंध आज्ञा. उद्गारचिन्ह आणि डॉलरचे चिन्ह म्हणजे मागच्या आज्ञेतला शेवटचा शब्द. युक्ती चतुर आहे, कागदावर छापणाऱ्या यंत्रांच्या काळाला शोभणारी आहे. पण तीत आज्ञा आधी चालते आणि काय चालले ते मागून दिसते. त्यापेक्षा आल्ट धरून पूर्णविराम दाबावा. मागच्या आज्ञेतला शेवटचा शब्द डोळ्यांदेखत ओळीत येतो. पुन्हा दाबला तर त्याच्याही मागच्या आज्ञेतला. एखादी फाइल आत्ताच पाहिली, आता तिची प्रत काढावयाची आहे, मग तिचे लांबलचक नाव पुन्हा कशाला लिहावयाचे?

जुन्या ओळींची ही वही किती मोठी असते? बॅश आपण होऊन ५०० ओळी ठेवतो. उबुंटूत ती मर्यादा १,००० केलेली असते. पण ही वही कायम जागी लिहिली जाते ती सत्र संपताना. आमच्याकडे काम चालू असताना वीज गेली की दिवसभराच्या ओळी वहीत चढत नाहीत. ज्यांच्या गावी विजेचा भरवसा नाही त्यांनी मधूनमधून हिस्टरी ही आज्ञा वजाचिन्ह आणि लहान ए जोडून द्यावी. तोवरच्या ओळी चढतात. उलट काही ओळी वहीत चढू नयेत असेही वाटते, परवलीचा शब्द असलेली ओळ हे उदाहरण. उबुंटूत अशा ओळीच्या आरंभी एक मोकळी जागा सोडली तर ती नोंदली जात नाही. दुसऱ्या प्रणालीवर ही सोय चालू आहे की नाही, ते साध्या ओळीवर करून आधी पाहावे.

थांबवण्याच्या कळांत लोकांचा गोंधळ फार. कंट्रोल-सी म्हणजे चालू काम तोडा. म्हणूनच येथे कंट्रोल-सी ने मजकुराची नक्कल होत नाही. त्यासाठी लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलांत कंट्रोलबरोबर शिफ्टही धरावी लागते. कंट्रोल-झेड काम तोडत नाही, बाजूला बसवतो. एफ-जी लिहिले की ते पुन्हा पुढे येते, बी-जी लिहिले तर मागे चालू राहते. कंट्रोल-झेड ने काम संपले असे समजून मुले दहा-दहा कामे बसवून ठेवतात आणि शेवटी निघताना शेल तक्रार करतो की अजून माणसे बसली आहेत. कंट्रोल-डी रिकाम्या ओळीवर दाबला तर "प्रेषण संपले", म्हणजे शेलचाच निरोप. ओळीत काही असेल तर मात्र कर्सरखालचे एक अक्षर तेवढे जाते.

आणि कंट्रोल-एस! कार्यालयातल्या कार्यक्रमांत बोटाला सवय असते, दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबून काम साठवण्याची. टर्मिनलमध्ये ते दाबले की पडदा गोठतो. टेलिटाइपच्या काळात कधी कधी संगणकाला "जरा थांब" म्हणावे लागे. ती ही खूण. "आता चालू दे" यासाठी कंट्रोल-क्यू. ही जोडी आजही जिवंत आहे, पण कोणी सांगत नाही. मग काय होते? तीन तास चाललेली मोजणी, पडदा गोठलेला, मुलगा घाबरून सगळ्या कळा दाबतो, आणि शेवटी यंत्र बिघडले म्हणून खिडकी बंद करतो. खिडकीबरोबर मोजणीही जाते. कंट्रोल-क्यू दाबला असता तर काहीच झाले नव्हते. पडदा गोठला की आधी कंट्रोल-क्यू. आणि गोठलेला असताना दुसरे काही टंकू नये, कारण ते अदृश्यपणे जमा होते आणि मोकळीक मिळताच सगळे चालू पडते. दूरच्या संगणकाशी एसएसएच ने जोडलेले असताना जाळेच तुटले असेल तर मात्र कंट्रोल-क्यू काही करू शकत नाही. तेव्हा एंटर, मग टिल्डचे नागमोडी चिन्ह, मग पूर्णविराम. जोडणी सुटते आणि खिडकी आपल्या ताब्यात येते.

कोणी विचारील, माऊस असताना हा खटाटोप कशाला? आपल्या मोडी लिपीकडे पाहा. बाळबोध सुबक, एकेक अक्षर सुटे. पण दप्तरात दिवसभर लिहिणाऱ्याला हात न उचलता लिहिणे हवे होते, म्हणून मोडी. येथे तेच आहे. कळफलकावरून माऊसकडे व माऊसवरून परत, या येरझाऱ्यांत वेळ थोडा जातो. ओळीतला विचार तुटतो तो अधिक. अर्थात ज्याला महिन्यातून एकदाच ही खिडकी उघडावयाची आहे त्याने यातले टॅब आणि कंट्रोल-सी एवढे शिकले तरी पुष्कळ. भिंतीवर पन्नास कळांचा तक्ता लावणारे मी पाहिले आहेत; तक्ता पिवळा पडतो, हात होता तेथेच राहतो. आठवड्याला एक कळ घ्यावी आणि त्या आठवड्यात तिच्या बदल्यातला जुना मार्ग वर्ज्य समजावा. कंट्रोल-ए चा आठवडा असेल तर डावा बाण बंद.

करंगळीची तक्रार मात्र खरी आहे. मॉडेल ३३ वर कंट्रोलची कळ ए च्या लगेच डावीकडे होती. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीवरही ती तेथेच होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या मोठ्या कळफलकाने ती खाली कोपऱ्यात ढकलली आणि त्या मोक्याच्या जागी कॅप्स लॉक आणून बसवला, ज्याचा उपयोग कोणाला किती होतो हे तुम्हीच सांगा. या कळा ठरल्या तेव्हा कंट्रोल करंगळीच्या सहज टप्प्यात असे. आज तिला कोपऱ्यात वाकावे लागते. तासन्‌तास काम करणाऱ्याने कळफलकाच्या मांडणीत जाऊन कॅप्स लॉकला कंट्रोल करून घ्यावे. लिनक्सवर व मॅकवर ही सोय आहे. पहिले चार दिवस मोठी अक्षरे पडत नाहीत म्हणून चिडचिड होते, मग शिफ्टने काम भागते. मॅकवर आणखी एक करावे लागते: टर्मिनलच्या मांडणीत ऑप्शन या कळेला मेटा मानण्याची खूण करावी, म्हणजे आल्टची म्हणून सांगितलेली कामे ती करू लागते.

मी सांगितल्या त्यांहून कितीतरी अधिक कळा बॅशमध्ये आहेत. त्या सगळ्या पाहावयाच्या असतील तर बाइंड ही आज्ञा, मोकळी जागा, वजाचिन्ह आणि मोठा पी, असे लिहावे. यादी लांब आहे, सरसर निघून जाईल. म्हणून पुढे उभी रेघ देऊन लेस जोडावे. मग एकेक पान वाचता येते, आणि कंटाळा आला की क्यू दाबून बाहेर पडता येते.